‘बीएसएल पीपी’ला कोणता कोड? तीन लॅबचा डेटा संशोधनासाठी एकत्र करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडांचा अभ्यास करायचा आहे. कॉलेजची स्वतःची लॅब आणि शहरातल्या दोन खासगी लॅब मिळून दहा वर्षांचा डेटा हाताशी आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये टेस्टची नावं वेगळी, युनिटं वेगळी. मग लॉइंक वापरायचं की स्नोमेड (वैद्यकीय नोंदींना ठरावीक कोड देणाऱ्या या दोन पद्धती)? हे काम एखादं एआय टूल करून देईल का? आणि कोड लागले की तिन्ही लॅबचे आकडे सरळ एका टेबलात घालता येतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. कोड सांगतो काय मोजलं ते. कोणत्या रीएजंटवर मोजलं, दोन लॅबच्या आकड्यांत कायमचा फरक पडतो का, मशीन मध्येच बदललं का, यातलं तो जवळजवळ काहीच सांगत नाही. तरीही कोड लावायचेच, कारण त्याशिवाय कोणते आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघायचे हेच ठरत नाही. फक्त कोड लागले म्हणजे डेटा तयार झाला, अशी समजूत करून घेऊ नका. मी पाहिलेले बहुतेक प्रकल्प इथेच अडकतात. कोडिंगवर सहा महिने जातात आणि लॅबच्या टेक्निशियनशी एकदाही बोलणं झालेलं नसतं.

लॉइंक की स्नोमेड, याचं उत्तर सोपं आहे. दोन्ही, पण कामं वेगळी. ‘काय तपासलं’ याला लॉइंक, आणि ‘काय आढळलं’ हे शब्दांत असेल (पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, जंतूचं नाव) तर त्या उत्तराला स्नोमेड सीटी. उत्तर आकड्यात असेल तर आकडा आणि युनिट. युनिट लिहायला युकम ही पद्धत. भारताच्या २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या) मानकांतही चाचण्या आणि मोजमापांसाठी लॉइंकच आहे. स्नोमेडचा भारत सदस्य देश असल्यामुळे इथे त्याला पैसे पडत नाहीत, आणि त्याचं देशातलं केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. लॉइंकची सुरुवात १९९४ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये झाली. तेही मोफत आहे, फक्त परवान्याच्या अटी मान्य कराव्या लागतात. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, नवी आवृत्ती येते. तुम्ही कोणत्या आवृत्तीवर काम केलं ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

लॉइंकच्या प्रत्येक कोडमागे सहा गोष्टी असतात: कोणता घटक मोजला, त्याचा कोणता गुणधर्म (वजनात, मोलमध्ये, की नुसता आहे-नाही), एका क्षणाचा नमुना की चोवीस तासांचा, नमुना कशाचा, उत्तर आकड्यात की ‘१+, २+’ अशा चढत्या पायऱ्यांत, आणि गरज असेल तिथे पद्धत. पुस्तकात हे वाचायला सोपं वाटतं. आपल्याकडच्या लॅबचा डेटा उघडला की त्यातली निम्मी माहिती नावात नसतेच, ती लॅबमधल्या माणसांच्या डोक्यात असते.

साखरेपासून सुरुवात करू, कारण तुमचा अभ्यासच मधुमेहाचा आहे. रिपोर्टवरचं ‘बीएसएल’ म्हणजे ब्लड शुगर लेव्हल, रक्तातली साखर. ‘बीएसएल एफ’, ‘एफबीएस’, ‘शुगर फास्टिंग’, ‘ग्लुकोज (एफ)’ या चौघांना १५५८-६ हा उपाशीपोटीच्या ग्लुकोजचा कोड लावावासा वाटेल, आणि बहुधा तो बरोबरही असेल. पण आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, नमुना. फ्लोराइड बल्बमधला (म्हणजे रक्ताच्या नमुन्याच्या नळीतला) प्लाझ्मा आणि वॉर्डात सिस्टरनी बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर घेतलेलं रीडिंग, दोन्ही एकाच नावाखाली नोंदलेलं सापडतं. ग्लुकोमीटरला वेगळा कोड आहे, ४१६५३-७. दुसरी, वेळ. बिलिंगच्या खिडकीवर जी टेस्ट निवडली तेच नाव पुढे रिपोर्टवर येतं. ‘फास्टिंग’ म्हणून नोंदलेले किती नमुने दुपारी तीननंतर घेतलेत, ते एकदा मोजून बघा. संख्या बरीच निघाली तर त्या लॅबच्या ‘फास्टिंग’वर किती भरवसा ठेवायचा, ते तुम्हाला ठरवावं लागेल.

पीपीची, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेची, गोष्ट याहून अवघड. जेवणानंतर दोन तासांनी घेतलेल्या नमुन्याचा कोड १५२१-४. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेल्याचा १५१८-०. आपल्याकडे प्रसूतिपूर्व तपासणीत डिप्सी पद्धत चालते. त्यात बाई जेवून आली असली तरी ७५ ग्रॅम ग्लुकोज देतात आणि दोन तासांनी एकच नमुना घेतात. कोडच्या दृष्टीने तोही १५१८-० च, पण उपाशीपोटी केलेल्या टॉलरन्स टेस्टशी त्याची बरोबरी करून चालणार नाही. इथे कोड हात वर करतो. नमुना एएनसी ओपीडीतून आला की मेडिसिनमधून, हे वेगळ्या रकान्यात सांभाळावं लागतं.

आणि नुसतं ‘बीएसएल’ लिहिलेलं, ना एफ ना पीपी, त्याला २३४५-७. सीरम किंवा प्लाझ्मामधलं ग्लुकोज, बस. माहिती नसताना जास्त नेमका कोड लावणं हा या कामातला सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे, कारण तो पुढे कोणालाही चूक म्हणून दिसत नाही. २३४५-७ वाला आकडा विश्लेषण करणाऱ्याला सावध करतो. खोटा १५५८-६ त्याला निर्धास्त करतो.

आता मूत्रपिंड. इथे सापळे जास्त आहेत आणि तुमच्या निष्कर्षांवर थेट परिणाम करणारे आहेत.

युरिया बघा. आपल्याकडच्या बहुतेक लॅब ब्लड युरिया देतात, काही बीयूएन देतात, म्हणजे त्याच युरियातला फक्त नायट्रोजन. दोन्ही मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये, त्यामुळे युनिट बघून काही कळत नाही. ४० युरिया म्हणजे साधारण १८.७ बीयूएन, मधला गुणक २.१४. युरियाचा कोड ३०९१-६, बीयूएनचा ३०९४-०. अमेरिकेत बीयूएनच चालतो, म्हणून तिथे तयार झालेली टूल्स ‘युरिया’ दिसला की अनेकदा ३०९४-० पुढे करतात. तुमच्या डेटात खरं काय आहे ते ओळखायची सोपी खूण म्हणजे रिपोर्टवरची नॉर्मल रेंज. वरची मर्यादा ४० च्या आसपास असेल तर युरिया, २० च्या आसपास असेल तर बीयूएन. म्हणूनच डेटा मागताना नॉर्मल रेंजचा रकाना हट्टाने मागून घ्या. लॅबचे लोक ‘त्याचा काय उपयोग’ म्हणून तो गाळून पाठवतात.

लघवीतला अल्ब्युमिन तर नावावरून कोड लावणाऱ्याला हमखास फसवतो. युरिन रूटीनच्या रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन: +’ असं छापलेलं असतं. ती स्ट्रिप असते, किंवा जुन्या लॅबमध्ये लघवी तापवून अॅसेटिक अॅसिडचे थेंब टाकून केलेली तपासणी. दोन्हींत दिसतं ते प्रोटीन. स्ट्रिपवरच्या ‘आहे-नाही’ला २०४५४-५ हा प्रोटीनचा कोड बसतो, अल्ब्युमिनचा नाही. तुम्हाला अभ्यासासाठी हवा असतो तो अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, ९३१८-७, मिग्रॅ प्रति ग्रॅममध्ये. ३० ते ३०० ही ज्याला आपण मायक्रोअल्ब्युमिन्युरिया म्हणत आलो ती पट्टी. आणि ‘मायक्रोअल्ब्युमिन’ या नावाखाली काही लॅब रेशो देतात, काही नुसतं मिग्रॅ/लिटर, काही चोवीस तासांचं एकूण. नाव एक, कोड तीन. टेक्निशियनला विचारल्याशिवाय हे सुटत नाही.

क्रिएटिनिनला कोड एकच पुरतो, २१६०-०, आणि नेमकी तीच अडचण आहे. जाफे पद्धत आणि एन्झायमॅटिक पद्धत दोन्ही याच कोडखाली येतात. जाफेमध्ये कीटोन असले तर आकडा वर सरकतो, बिलिरुबिन जास्त असेल तर खाली येऊ शकतो. मधुमेहींच्या अभ्यासात, त्यातही कीटोअॅसिडोसिसमध्ये भरती झालेल्या रुग्णांमध्ये, हा फरक किरकोळ नाही. एखाद्या लॅबने मध्येच जाफे सोडून एन्झायमॅटिक घेतलं असेल तर तुमच्या आलेखात त्या महिन्यापासून सगळ्यांची मूत्रपिंडं एकदम सुधारलेली दिसतील. म्हणून प्रत्येक लॅबकडून एक छोटी यादी करून घ्या: कोणतं मशीन कधीपासून कधीपर्यंत, कोणतं किट, पद्धत कोणती, कॅलिब्रेशन आयडीएमएस या संदर्भ-पद्धतीला जोडलेलं आहे का. ही यादी कोडइतकीच महत्त्वाची. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली असेल तर हे कागद तिच्याकडे असतातच, फाईल काढायला लावावं लागतं इतकंच. त्याबरोबर बाहेरच्या गुणवत्ता तपासणीचे, म्हणजे ईक्यूएएसचे, रिपोर्टही मागा. बायोकेमिस्ट्रीसाठी अनेक लॅब वेल्लोरच्या सीएमसीच्या कार्यक्रमात असतात. तिथल्या महिन्यामहिन्याच्या आकड्यांवरून तुमच्या तीन लॅबपैकी कोण सातत्याने वर आहे आणि कोण खाली, ते दिसतं. तीन लॅबचं क्रिएटिनिन एका टेबलात घालायचं का, या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या कागदांत आहे.

रिपोर्टवर छापलेला ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, मात्र सरळ बाजूला ठेवा. दहा वर्षांत सूत्रं बदलली आहेत: एमडीआरडी, मग सीकेडी-ईपीआय २००९, मग २०२१ चं. कोणत्या रिपोर्टवर कोणतं सूत्र वापरलं ते बहुधा लिहिलेलंच नसतं. क्रिएटिनिन, वय आणि लिंग हाताशी असताना दुसऱ्याचा हिशेब कशाला घ्यायचा? एकच सूत्र ठरवून स्वतः काढा. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवणारी टेस्ट) याच्याखाली छापलेल्या ‘सरासरी ग्लुकोज’लाही हाच नियम. तो मोजलेला आकडा नसतो, सूत्रातून काढलेला असतो. मी तो ग्लुकोजच्या रकान्यात जाऊन बसलेला पाहिला आहे.

एचबीएवनसीबद्दल विदर्भासाठी खास सांगायला हवं. पद्धत माहीत नसेल तर ४५४८-४, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी पद्धत) असल्याची खात्री असेल तर १७८५६-६. टक्क्यांऐवजी मिलिमोल प्रति मोल असेल (६.५ टक्के म्हणजे ४८) तर ५९२६१-८. पण तुमच्या भागात सिकल सेल आहे. एसएस रुग्णात तांबड्या पेशींचं आयुष्यच कमी, त्यामुळे एचबीएवनसी कोणत्याही पद्धतीने काढला तरी खोटा कमी येतो. एएस वाहकात गडबड होते की नाही ते किट आणि मशीनवर अवलंबून असतं. एचपीएलसीच्या आलेखावर वेगळा हिमोग्लोबिन दिसला की चांगला टेक्निशियन शेऱ्यात तसं लिहितो. डेटा काढताना शेऱ्याचा रकाना ‘मोकळा मजकूर’ म्हणून गाळला जातो, आणि नेमकी ती ओळ जाते. शेरे घ्या, पण त्यांत रुग्णाचं नाव, फोन नंबर, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नावही सापडतं, म्हणून ते कॉलेजच्या आतच तपासून, ओळख पुसून मगच विश्लेषणाच्या डेटात जाऊ द्या. तुमच्या एथिक्स कमिटीला हे आधीच कळवलेलं बरं.

युनिटांचं फार लांबवत नाही. ‘मिग्रॅ%’ आणि ‘ग्रॅम%’ म्हणजे प्रति डेसिलिटर, ‘क्युमिमी’ म्हणजे मायक्रोलिटरच. ही बदली डोळे मिटून करता येते. प्लेटलेटच्या बाबतीत तसं करू नका. एकाच रुग्णाच्या रांगेत २.१, २१० आणि २१०००० असे तीन आकडे दिसतील. लाख, हजार आणि एकेक. कोणत्या काळात कोणतं युनिट चालत होतं ते लॅबनिहाय, महिन्यानिहाय मधला आकडा (मीडियन) काढला की लगेच उघड होतं. खरं तर हे प्रत्येक टेस्टसाठी करा. नाव, युनिट आणि नॉर्मल रेंज तिन्ही जे सांगत नाहीत, ते आकड्यांची पसरण सांगते. आणि युनिट बदललंत तर कोडही बदलतो, हे विसरू नका. ग्लुकोज मिग्रॅ/डेसिलिटरमधून मिलिमोल/लिटरमध्ये नेलंत (भागिले १८) की २३४५-७ राहत नाही, १४७४९-६ होतो. ‘<५’ मधलं ‘<’ चिन्ह टाकून ५ लिहू नका. ओमॉपच्या साच्यात (वेगवेगळ्या ठिकाणचा आरोग्य-डेटा संशोधनासाठी एकसारखा मांडायची पद्धत) काम करणार असाल तर त्यात अशा चिन्हासाठी वेगळी जागाच ठेवलेली आहे.

आता एआय टूल. वापरा, पण कारकून म्हणून. नावावरून पाच-सहा संभाव्य कोड पुढे आणून ठेवायला ते उत्तम आहे. लॉइंकवाल्यांचं रेल्मा आणि ओमॉप वापरणाऱ्यांचं उसागी ही टूल्सही बराच काळ हेच काम करत आली आहेत. भाषेची नवी मॉडेल्स कधीकधी अस्तित्वातच नसलेला कोड देतात. ते पकडणं सोपं आहे, कारण कोडचा शेवटचा अंक तपासणी-अंक असतो आणि शिवाय पूर्ण यादी तुमच्याकडे असते. यादीत असलेला पण आता रद्द झालेला कोडही स्थितीच्या रकान्यावरून पकडता येतो. पकडता येत नाही तो तिसरा प्रकार: कोड खरा, चालू, नावाला अगदी शोभणारा, आणि तरी चुकीचा. लघवीतलं ‘अल्ब्युमिन’ हे त्याचं उदाहरण वर आलंच. टूलला रिपोर्टवरचं नाव दिसतं. बल्ब कोणता होता ते दिसत नाही. त्यापेक्षा मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या अॅप्लिकेशन स्पेशालिस्टकडे लिव्हड यादी मागा. कोणत्या मशीनवरच्या कोणत्या टेस्टला कोणता लॉइंक, हे काही उत्पादक त्या ठरावीक साच्यात स्वतःच देतात. ते मिळालं तर अर्धं काम वाचतं.

कामाचा क्रम मी असा ठेवतो. तिन्ही लॅबमधल्या टेस्ट, किती वेळा झाल्या त्या क्रमाने लावा. सगळ्या टेस्टना कोड लावायच्या मागे लागू नका. वरच्या दीड-दोनशे टेस्टमध्ये बहुतेक निकाल येऊन जातात, आणि तुमच्या अभ्यासाला लागणाऱ्या तर तीस-चाळीसच असतील. प्रत्येक टेस्टसमोर नाव, बल्ब, युनिट, नॉर्मल रेंज, मधला आकडा आणि दहा-वीस नमुना निकाल मांडा. दोघांनी स्वतंत्रपणे कोड लावावेत, त्यातला एक तरी लॅबमध्ये उभा राहून काम केलेला हवा. जिथे मतभेद, ते घेऊन लॅबमध्ये जा. तिथे बायोकेमिस्ट्रीच्या प्राध्यापकांइतकंच सकाळच्या शिफ्टच्या टेक्निशियनला विचारा. नमुना कुठल्या बल्बमध्ये येतो आणि काय चालवून घेतलं जातं, ते त्याला जास्त माहीत असतं.

कोडांच्या तक्त्यात ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन रकाने हवेतच. लॅबच्या सॉफ्टवेअरमधला एखादा जुना नंबर बंद पडलेल्या टेस्टचा असतो आणि पुढे तोच दुसऱ्या टेस्टला दिलेला असतो. तारखेशिवाय कोड लावला तर दोन्ही एक होतात. सीबीसी किंवा केएफटी या पॅकेजचा कोड आतल्या एकेका निकालाला चिकटवू नका. तो ऑर्डरसाठी असतो. लॅबने पाठवलेलं मूळ नाव, मूळ आकडा, मूळ युनिट कधीही पुसू नका. नवे रकाने त्यांच्या शेजारी तयार करा.

आणि कृपा करून हा तक्ता एक्सेलमध्ये नुसता उघडून सेव्ह करू नका. २३४५-७ चं एक्सेल ‘जुलै २३४५’ करतं, २९५१-२ म्हणजे सोडियम ‘फेब्रुवारी २९५१’ होतं. लघवीतले पस सेल्स ‘२-४’ असतील तर ते २ एप्रिल होतात, आणि एकदा सेव्ह झालं की मूळ मजकूर परत मिळत नाही. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा आणि मग डेटा आत घ्या, नाहीतर एक्सेल टाळाच.

विश्लेषणासाठी नेमका कोड आणि अभ्यासाचा गट, असे दोन थर ठेवा. १५५८-६, २३४५-७ आणि ४१६५३-७ मूळ टेबलात वेगळेच राहू द्या. ‘या अभ्यासात उपाशीपोटीचं ग्लुकोज म्हणजे कोणते कोड’ ही यादी वेगळी लिहा आणि लेखाबरोबर प्रसिद्ध करा. उद्या कोणी गर्भवतींचा अभ्यास करेल तेव्हा त्याची यादी वेगळी असेल, मूळ डेटा तोच.

शेवटी काही टेस्ट उरतीलच: ‘प्रोफाइल २’, ‘स्पेशल शुगर’, किंवा ज्या लॅबमधली माहितगार माणसं निवृत्त झाली आणि कागदही नाहीत अशा. त्यांना कोड देऊ नका. ओमॉपमध्ये त्यासाठी शून्य ठेवायची सोय आहे. शेजारी कारण लिहा: ‘नमुना माहीत नाही’, ‘युरिया की बीयूएन कळत नाही’. किती टक्के निकाल असे राहिले ते लॅबनिहाय लेखात द्या. तो आकडा लपवलेल्या लेखापेक्षा दिलेल्या लेखाकडे समीक्षक जास्त विश्वासाने बघतात, आणि पुढच्या वर्षी एखादी जुनी फाईल सापडली तर त्या शून्यांपैकी काहींना कोड मिळूही शकतो.